मापाऱ्याची नाडी

मापाऱ्यांची बातमी कधी झाली नाही. सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका दैनिकात गुन्हे आणि अपघात पाहत असे. रोज संध्याकाळी सायकलवरून आधी पोलीस ठाणी आणि शेवटी सरकारी इस्पितळाची कॅज्युअल्टी, असा ठरलेला फेरा होता. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला 'आज काय?' विचारायचं. ती हातातलं काम न थांबवता सांगे, 'एक ट्रक, एक जळीत, एक विहिरीतलं, आणि मापारी.' पहिली तीन मी लिहून घेई. चौथं सांगायचं तिला बंधन नव्हतं आणि मला ते लिहायचं नव्हतं. तरी ते सांगितल्याशिवाय तिचं सांगणं पुरं होत नसे.

मापाऱ्यांचं वय साठीच्या आसपास असावं. अंगानं उंच, खांदे पुढे आलेले, तळहात फार मोठे. धोतर आणि वर बंद गळ्याचा खाकी कोट, मे महिन्यातसुद्धा. कोटाच्या उजव्या खिशात तुरीचे दाणे. त्यांना नाव होतं आणि ते चिठ्ठीवर लिहिलंही जात असे, पण हाक मारताना कोणी ते वापरल्याचं आठवत नाही. दाराच्या आत डाव्या हाताला एक लाकडी बाक होता. त्याचं भिंतीकडचं टोक त्यांचं. बसण्याआधी ते बाकावरून तळहात एकदा आडवा फिरवीत, भरलेलं माप सपाट करावं तसा. चहाच्या कपावरूनही फिरवीत. एकदा तपासणीच्या खाटेवर झोपायला सांगितलं तेव्हा त्यांनी आधी गादीवरून हात फिरवला आणि म्हणाले, 'मधात उणी आहे.' गादी खरंच मध्ये खचलेली होती.

दारात एक अटेंडंट बसे. सगळे त्याला मामा म्हणत, डॉक्टरसुद्धा. आलेल्याला स्ट्रेचर द्यायचं की बाक, हे आधी मामा ठरवी आणि मग डॉक्टर. त्यासाठी त्याचा एकच प्रश्न होता, 'काय झालं?' रडत येणाऱ्या बाईला, रिक्षातून उतरवलेल्या म्हाताऱ्याला, डोकं फुटलेल्या दारुड्याला, सगळ्यांना तो एकाच आवाजात हे विचारी. त्या आवाजात काळजी नव्हती आणि कंटाळाही नव्हता. मापाऱ्यांनाही तो रोज नव्यानं विचारी.

'काय झालं?'

'ठोके निसटून राहिले.'

'किती निसटले?'

'मोजले असते तं निसटले असते का, गा?'

मामा बाकाकडे बोट दाखवी.

ठोके निसटणं म्हणजे काय, हे समजायला त्यांचा धंदा समजावा लागतो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इतवारीच्या धान्यबाजारात मापारी म्हणून काढली. तेव्हा धान्य पायलीनं मोजलं जाई. गाडी ओतली की मापारी ढिगाशी बसे, पायली भरी, पोत्यात रिकामी करी आणि मोठ्यानं आकडा घेई. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. प्रत्येक आकडा पुढचं माप भरेपर्यंत गात राहायचा, 'दोन गा दोन, दोन रे दोन', म्हणजे विकणाऱ्याला ऐकू जावं, घेणाऱ्याला ऐकू जावं आणि मध्येच कोणी बोललं तरी आकडा तोंडातून सुटू नये. वीस मापं झाली की एक दाणा बाजूला. जे माप न मोजता पोत्यात गेलं ते कोणाचं तरी बुडालं. मापाऱ्याच्या हातून याहून मोठी चूक होत नाही. पुढे पायली गेली आणि किलो आला, ढिगाशेजारी काटा उभा राहिला. काही मापारी काट्यावर गेले. हे गेले नाहीत. 'काट्याले गळा नाई,' एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं.

नाडी ते याच पद्धतीनं मोजत. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, डोळे मिटलेले, आणि खालच्या आवाजात 'लाभ गा लाभ, लाभ रे लाभ'. त्यांचं 'लाभ' संपेपर्यंत नाडी दोन-तीन ठोके पुढे गेलेली असे. ते ठोके न मोजता गेले हे त्यांच्या बोटांना कळे. मग घाम फुटे. घाबरल्यावर नाडी आणखी पळे आणि आणखी ठोके निसटत. बाकावर मांडलेला दाणा ते पुन्हा उचलत आणि पुन्हा लाभपासून सुरुवात करीत. ओठ पांढरे पडत. ती भीती खरी होती. सिस्टरला त्याबद्दल शंका नव्हती, मामाला नव्हती. हृदय ठणठणीत आहे, हेही सगळ्यांना माहीत होतं. नाडी कोणासाठी थांबत नाही, एवढी एक गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असली तरी त्यांना ती पटली नव्हती.

इलाज ठरलेला होता. हाताशी जो डॉक्टर असेल त्यानं त्यांचं मनगट धरायचं आणि नाडीच्या वेगानं मोठ्यानं मोजायचं. मापारी ऐकत. दर विसाला एक दाणा बाकावर ठेवीत. चेहरा हळूहळू सैल होई. शेवटी ते म्हणत, 'भरले सगळे.' त्यानंतर दंडात एक इंजेक्शन. त्यात नुसतं पाणी असे.

इंटर्न डॉक्टरांची नवी तुकडी आली की तिला हे शिकवावं लागे. असाच एक नवा मुलगा घड्याळाकडे बघत मनातल्या मनात मोजून 'नॉर्मल' म्हणाला आणि हात सोडायला लागला.

'मोठ्यानं मोजा जी,' मापारी म्हणाले.

'अहो, झालं मोजून.'

'मले कुठी ऐकू आलं?'

मुलानं सुस्कारा सोडला. 'एक, दोन...'

मापाऱ्यांनी हात काढून घेतला. 'एक नका म्हनू!'

'मग काय म्हणू?'

सिस्टर पलीकडे टाके घालायची तयारी करत होती. ती मान न वळवता म्हणाली, 'डॉक्टर, लाभ म्हणा. लवकर सुटाल.'

मुलगा 'लाभ' म्हणाला. कान लाल झाले होते, पण शेवटपर्यंत मोजलं. मापाऱ्यांनी बाहेर जाताना त्याच्याबद्दलचं मत मामाजवळ नोंदवलं, 'शिगोशीग आहे पोरगा.' माणसं त्यांच्या लेखी दोन प्रकारची होती, काठावर शीग येईल अशी भरलेली, म्हणजे शिगोशीग, आणि काठाशी हात फिरवलेली, म्हणजे सपाट. सिस्टर शिगोशीग होती. मामा कधी हा, कधी तो. माझ्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

इंजेक्शनमधलं पाणी त्यांना ठाऊक आहे का, असा प्रश्न मला पडत असे. एकदा बाकावर शेजारी बसलो असताना ते दंड चोळत स्वतःच म्हणाले, 'पानी आहे हे. मले काय कळत नाई?'

'मग घेता कशाला?'

'टोचासाठी थे लोक दंड धरते ना,' ते म्हणाले. मग पुढच्या माणसाला जागा करून देत सरकून बसले.

घरी कोण असतं, या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, 'मीच असतो.' बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूल नव्हतं. इतवारीत एका गोदामामागच्या खोलीत ते राहत. दिवसा त्या गल्लीत हमाल, गाड्या, शिव्या, मिरचीची धूळ. संध्याकाळी गोदामांना कुलपं लागली की गल्ली रिकामी. त्यांचे ठोके नेहमी संध्याकाळीच निसटत. सिस्टरनं त्यांना सकाळच्या ओपीडीत जायला किती वेळा सांगितलं. ते एकदा जाऊन आले. 'तिथी रांगेत सगळे एकमेकाच्या पाठीकडे पाह्यते,' ते म्हणाले. 'इथी दारातच इचारते.'

त्यांना यंत्रं आवडत नसत. एकदा कोणीतरी हौसेनं त्यांचा कार्डिओग्राम काढला. तो पट्टा हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

'हे कोनं लिहिलं?'

'मशीननं.'

'बोलून लिहिलं का मुक्यानं?'

'मुक्यानं.'

त्यांनी पट्टा घडी करून परत दिला. 'मंग हे काट्याचंच काम आहे.'

मे महिन्यात नागपूरची कॅज्युअल्टी लू लागलेल्यांनी भरून जाते. ओल्या चादरी, बर्फाच्या लाद्या, जमिनीवर पाणी. त्या दिवसांत मापारी दाराशी येऊन आत नजर टाकीत आणि बाक भरलेला असला तर आत येत नसत. मामानं विचारलं की म्हणत, 'माझं उद्या पाहा.' दुसऱ्या दिवशी येऊन सांगत, 'कालचं राहिलं आहे, जी.' कालचे निसटलेले ठोके आज कसे मोजणार, असं मामा त्यांना चिडवी.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं. सीताबर्डीजवळ रस्त्यात मृत मिळालेल्या एका म्हाताऱ्याचं मी लिहून घेत होतो.

'पेपरवाले, याचं काय लिहून राहिले?'

'बेवारस.'

'थे कवा लिहितात?'

'विचारायला कोणी आलं नाही म्हणजे.'

'किती टाइम वाट पाह्यते?'

'पोलिसांचा नियम असतो.'

'तुमचा?'

आमचं पान रात्री छपाईला लागतं, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. नंतर बराच वेळ त्यांची बोटं मनगटावर होती, पण ते मोजत नव्हते. उठताना म्हणाले, 'मंग संध्याकाळपावतर कोनी आलं पाह्यजे.' त्यानंतर मी कागद काढला की ते तोंड दुसरीकडे करीत.

त्या पावसाळ्यानंतर कॅज्युअल्टीला नवे डॉक्टर आले. पुण्याकडचे, तिशीतले, शर्टाच्या बाह्या दुमडून काम करणारे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मापाऱ्यांना तीनदा पाहिलं. चौथ्यांदा पाण्याचं इंजेक्शन भरणाऱ्या इंटर्नच्या हातातून सिरिंज काढून घेतली.

'हे किती दिवस चाललंय?' त्यांनी सिस्टरला विचारलं.

'माझ्या आधीपासून.'

'आणि कोणी मानसिक विभागात पाठवलं नाही?'

'पाठवलं. जात नाहीत. पागल समजाल म्हणतात.'

डॉक्टर खुर्ची ओढून मापाऱ्यांसमोर बसले. कॅज्युअल्टीत डॉक्टर खुर्चीवर बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी धंदा विचारला, पायलीचं विचारलं, आकडा गाऊन दाखवायला सांगितलं. मापाऱ्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग एकदम गळा मोकळा केला. 'लाभ गा लाभ' सगळ्या खोलीत घुमलं. हात मोडलेला एक माणूस कण्हायचा थांबला. डॉक्टर त्या वेळी त्यांच्या दुसऱ्या मनगटावर बोटं ठेवून होते.

'तुमचं एक लाभ होईपर्यंत नाडी तीनदा पडली,' ते म्हणाले. 'ठोके निसटत नाहीत. तुम्ही हळू मोजता.'

'मी हळू मोजत नाई. मी पुरं मोजतो.'

'पायली तुमच्यासाठी थांबायची. नाडी नाही थांबत.'

मापाऱ्यांना राग आला होता. 'म्हंजे मी पागल आहो का, डॉक्टर?'

'कोण म्हणतंय? तुम्हाला भीतीचा आजार आहे. त्याला गोळी आहे. पाण्यापेक्षा बरी.'

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः त्यांना मानसिक विभागात घेऊन गेले. मामा पाठीमागून ओरडला, 'मापारी, तिथी ठेवून घेतलं तं निरोप धाडा!' मापाऱ्यांनी वळून पाहिलं नाही.

गोळ्या लागू पडल्या. दिवाळीच्या सुमारास त्यांचं येणं कमी झालं. थंडी पडेपर्यंत ठोके निसटणं थांबलं. ते एकदा मुद्दाम सांगायला आले. चेहऱ्यावर मांस आलं होतं, कोट धुतलेला होता. 'आता थो थांबते माझ्यासाठी,' ते म्हणाले. थो म्हणजे ठोका. डॉक्टरांना झालेला आनंद लपत नव्हता. त्यांनी मापाऱ्यांचा हात हातात घेतला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, 'मग आता इथं यायची गरज नाही तुम्हाला. गोळ्या महिन्याच्या एकदम घेऊन जात जा.'

'बरं जी,' मापारी म्हणाले.

ते दारापर्यंत गेले, तिथं थोडं थांबले आणि बाहेर पडले.

त्याच हिवाळ्यात एका मारामारीतल्या जखमींचे नातेवाईक कॅज्युअल्टीत पुन्हा एकमेकांना भिडले आणि इस्पितळानं नियम कडक केला. आत फक्त पेशंट आणि त्याच्यासोबतचा एक माणूस. पत्रकारांनासुद्धा दाराशीच थांबायला सांगितलं. त्यामुळे पुढचा प्रसंग मला जवळून दिसला.

मापारी आले.

'काय झालं?' मामानं विचारलं.

'काही नाई.'

'मंग?'

'असाच आलो. बसतो थोडा.'

'बसता नाई येत आता, मापारी. ऑर्डर आहे. पेशंट पाह्यजे.'

मामानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. 'अजी, पोट दुखते म्हना ना. जाऊ देतो.'

'दुखत नाई.'

'नुसतं म्हना! मी कुठी पोट उघडून पाह्यतो?'

'दुखत नाई तं काहून म्हनू?'

'चक्कर येते म्हना. ठोके निसटते म्हना. तुमचाच माल आहे थो.'

'निसटत नाई ना आता.' मापाऱ्यांनी हात पुढे केला. 'पाहा पाह्यजे तं. मी आजपावतर कोनाले खोटं माप देल्लं नाई.'

'बापा रे बापा,' मामा कपाळावर हात मारून म्हणाला, 'चांगला माणूस आत घ्याची सोय नाई इथी. घरी जा.'

इतकी वर्षं त्यांना नाटकी म्हणणारे इस्पितळात काही जण होते. त्या संध्याकाळनंतर मामानं निदान त्याच्यासमोर तरी कोणाला तसं म्हणू दिलं नाही.

रस्त्यापलीकडे एक चहाची टपरी होती. पुढे काही दिवस ते मला तिथल्या फळकुटावर दिसू लागले. तोंड इस्पितळाच्या दाराकडे. मी एकदा चहा घ्यायला थांबलो. त्यांची बोटं मनगटावर होती आणि डोळे मिटलेले. ओठ हलत होते. समोरचा चहा गार झाला होता, साय धरली होती. मला वाटलं, त्रास पुन्हा सुरू झाला.

'निसटले का?' मी विचारलं.

'नाई.' त्यांनी डोळे उघडले. 'पाहून राहिलो. एखादा निसटते का.'

त्यांच्या आवाजात वाट पाहणं होतं. नव्या गोळ्या नेल्या का, असं मी विचारलं. त्यांनी कपावरून तळहात फिरवला आणि चहा न पिताच उठले.

संक्रांत झाल्यावर एका संध्याकाळी मी दाराशी उभा असताना ते रस्ता ओलांडून जवळजवळ धावत आले. धोतर सुटत आलेलं, कपाळावर घाम, थंडीतला. श्वास लागला होता. मामा उठून उभा राहिला.

'काय झालं?'

'निसटून राहिले!' मापारी म्हणाले. 'लय निसटून राहिले, गा!'

त्यांचे ओठ पांढरे होते. आणि त्याच वेळी, हे मी पाहिलं आहे, त्यांचा चेहरा उजळला होता. मामानं बाजूला होऊन वाट दिली. आतून सिस्टर म्हणाली, 'अगंबाई, आले का?' ते बाकाच्या टोकाशी गेले, लाकडावरून तळहात फिरवला आणि बसले.

डॉक्टर आले. मनगट धरलं.

'गोळ्या घेता ना?'

'नाई.'

'संपल्या?'

'आहे ना. घरी आहे.'

'मग का बंद केल्या?'

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनं दाराकडे पाहिलं. दारात मामा पाठ करून उभा होता आणि पाठ करूनच म्हणाला, 'बरा माणूस आत येऊ शकत नाई, डॉक्टरसाहेब. ऑर्डर आहे.'

डॉक्टरांनी हात सोडला नाही. ते हुशार होते. त्यांना उलगडायला वेळ लागला नाही, पण बोलायला लागला. शेवटी त्यांनी सिस्टरला सांगितलं, 'यांच्या गोळ्या घरी द्यायच्या नाहीत. तुमच्या कपाटात ठेवा. रोज संध्याकाळी एक, इथं, समोर गिळायची. घरी दिल्या तर हे घेत नाहीत.' मग मामाच्या पाठीकडे बघून आवाज चढवला, 'औषध चालू असलेला पेशंट आहे. कळलं?'

'कळलं,' मामा म्हणाला.

त्यानंतर रोजचं बोलणं बदललं. मामा विचारी, 'काय झालं?' मापारी सांगत, 'गोळी.' सिस्टर कपाट उघडून एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवी. त्या एवढ्या मोठ्या तळहातावर ती दिसतसुद्धा नसे. गोळी गिळून ते बाकावर बसत, थोडा वेळ, आणि निघून जात. ठोके परत निसटले नाहीत. मनगटावर बोटं जात, पण सवयीनं. सिस्टर तिच्या संध्याकाळच्या सांगण्यात त्यांना पुन्हा धरू लागली होती. दाराचा नियम तोवर पत्रकारांपुरता ढिला झाला होता आणि मीही पुन्हा आत बसू लागलो होतो.

एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा ती म्हणाली, 'एक स्कूटर, एक भाजलेलं मूल.' आणि थांबली. मग म्हणाली, 'मापारी दिसले का वाटेत?'

मला दिसले नव्हते. कपाटाशी बाटलीच्या झाकणात त्यांची गोळी काढून ठेवलेली होती. सिस्टर पुन्हा पुन्हा तिकडे पाहत होती. डॉक्टरांनी येता-जाता दोनदा विचारलं. शेवटी मामा उठला. दारावर दुसऱ्याला बसवून त्यानं माझी सायकल मागितली. झाकणातली गोळी सिस्टरनं कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या खिशात घातली. मला सायकलसाठी थांबावंच लागलं. बाकाचं भिंतीकडचं टोक रिकामं होतं. गर्दी असूनही तिथं कोणी बसत नव्हतं.

मामा परत आला तो चिडलेला.

'जिता आहे,' त्यानं दारातूनच सांगितलं. 'तापानं फनफनून राहिला. अर्धा घंटा दार ठोकलं तवा उघडलं. म्हटलं, चला, स्ट्रेचर देतो. तं म्हनते, तिथी ठोक्याचं पाह्यते, मले ताप आहे. तापासाठी कॅज्युअल्टीत याचं नसते, म्हनते! मले नियम शिकोते!'

'गोळी?' सिस्टरनं विचारलं.

'देल्ली. समोर गिळाले लावली. तापाची द्या आता, सकाळी ड्यूटीवर येताना देऊन येतो.' खुर्चीवर बसून त्यानं घाम पुसला. 'तिथी गल्लीत इचारलं, मापारी कुठी राह्यते. कोनाले मालूम नाई. बाजूच्या गोदामवाल्याले मालूम नाई.'

मी सायकल घेऊन हपीसला गेलो. पान वेळेवर लागलं.

मापारी चार-पाच दिवसांनी आले. ताप उतरला होता, गालफडं बसली होती, कोट अंगावर सैल लोंबत होता. मामानं विचारलं, 'काय झालं?' त्यांनी सांगितलं, 'गोळी.' सिस्टरनं कपाट उघडलं. सगळं नेहमीसारखं झालं. मग ते बाकावर आले, तळहात फिरवला आणि बसले. मी शेजारी होतो, हातात कागद होता. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही.

'पेपरवाले.'

'बोला.'

'माह्या घरी आले होते. इचाराले.'

'माहीत आहे. सायकल माझीच होती.'

सायकलीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. 'दार उघडलं तं मामा उभा. मले म्हनते, काय झालं? माह्या दारात उभा राहून मले इचारते.' ते माझ्याकडे वळले. 'गल्लीतल्या लोकायनं पाह्यलं.'

त्यांनी उजवा हात खिशात घातला, तुरीचा एक दाणा काढला आणि बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. बोटानं तो सरळ केला.

'लाभ,' ते म्हणाले.

आकडा त्यांनी गायला नाही. एकदाच म्हटला, खालच्या आवाजात, आणि बोट दाण्यावर तसंच ठेवून बसून राहिले. दाराशी एक रिक्षा आली, मामा उठला, सिस्टरनं हाक मारली, आणि मी लिहायला उठलो.

त्या महिन्याअखेर माझी बदली बाजारभावांच्या पानावर झाली. डॉक्टरही पुढे पुण्याला गेले, असं कळलं. इतवारीत माझं रोजचं जाणं सुरू झालं. त्या गोदामामागच्या गल्लीवरून जाताना मी खोलीकडे पाहत असे. दिवसा तिला कुलूप असे, आणि संध्याकाळी मला हपीसला पोचायचं असे. त्या दारात पुन्हा कोणी विचारायला गेलं का, 'दोन' झालं की नाही, मला माहीत नाही.